वाळू चालते कशी?

आमच्या गावाला खाडी आहे. ओहोटी लागली की वाळू उघडी पडते. तिच्यावर पाहाल तर सगळीकडे वळ्या! जशी सारवलेल्या अंगणात बोटं उमटावीत.

मी लहान होतो. एकदा रात्री होडीनं पलीकडे निघालो. होडीत तापानं फणफणलेलं एक पोर होतं. दवाखाना पलीकडे. होडीवाला जुना, वाट त्याला पाठ. तरी होडी मध्येच वाळूवर चढली. "पावसाळ्याआधी इथं माझा बांबू बुडत होता," तो म्हणाला. भरती येईपर्यंत आम्ही बसून राहिलो. पोर वाचलं. पण ती वाळू तिथं आली कशी, हे माझ्या मनातून गेलं नाही.

ऐका. पाणी वाळूच्या कणाला ढकलतं. कण वळीच्या उतरत्या बाजूनं वर चढतो. माथ्यावर येतो आणि पलीकडे कोसळतो. पलीकडची बाजू असते उभी. तिथं पाण्याचा जोर पोचत नाही, म्हणून कण तिथंच पडतो. मागून दुसरा येतो, तिसरा येतो. असं होता होता वळीच पुढं सरकते. भरतीचं पाणी उलटं आलं की लहान वळ्या लवकर तोंड फिरवतात. पण खोल पाण्यात माणसाहून उंच वळ्याही असतात. त्या एका भरतीनं कुठल्या फिरायला!

घरी करून पाहा. परातीत थोडी बारीक वाळू पसरा, वर पाणी घाला. परात एका चालीनं मागंपुढं हलवीत राहा. वळ्या उठू लागतील. (परात घरात विचारून घ्या!)

विलायतेत मर्सी नदीची मोठी खाडी आहे. लिव्हरपूल बंदर तिच्यावरच. १८८५ च्या सुमारास ऑसबोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी मँचेस्टरला तिची लहान प्रतिकृती केली. एक मैल म्हणजे दोन इंच. खोली मात्र त्या मानानं पुष्कळ वाढवून धरली, नाहीतर पाणी नुसत्या तवंगाएवढं राहिलं असतं. तळाला वाळू अगदी सपाट केली. खऱ्या भरती-ओहोटीला सुमारे साडेबारा तास लागतात. इथं ती चाळीसेक सेकंदांत व्हायची. अशा हजारो झाल्या. मग पाण्यानं त्या सपाट वाळूत आपणच वाटा कोरल्या, आपणच उंचवटे रचले. ते खऱ्या खाडीच्या नकाशाशी पुष्कळसे जुळले!

आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याला सरकारी जलसंशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ सालची. तिथंही बंदरांच्या प्रतिकृती बांधतात. आता संगणकावरही गणित मांडतात. पण कण केवढा, पाण्याला वेग किती, खोली किती, हे आधी गणिताला सांगावं लागतं. त्यासाठी कोणीतरी खाडीत जाऊन मोजावंच लागतं. आमचा होडीवाला बांबूनं खोली मोजायचा. फक्त लिहून ठेवत नव्हता, कारण त्याला लिहिता येत नव्हतं.