हागादाचे मराठी : ग्रंथसंग्रह आणि भाषेचा प्रश्न

जेरुसलेम येथील इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आरंभ १८९२ मध्ये झाला. २००७ च्या कायद्याने त्याचे राष्ट्रीय स्वरूप निश्चित केले आणि २०२३ मध्ये ते नव्या वास्तूत गेले. जगभरच्या ज्यू समाजांचे लेखन, मग ते कोणत्याही भाषेतील असो, जमविणे व प्रदर्शने, व्याख्याने यांतून लोकांपुढे आणणे हे त्याचे कार्य होय. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचल्या जाणाऱ्या हागादा या पोथीचा तेथील संग्रह जगातील मोठ्या संग्रहांत गणला जातो.

मराठीच्या अभ्यासकाचे नाते या वाङ्मयप्रकाराशी जडते ते कोकणातील बेने इस्राएल समाजामुळे. मराठी भाषांतरासह हागादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. पुण्याच्या आवृत्तीतील स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. साहजिकच या पोथीविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा चित्रांविषयी असते. काचपेटीतील ग्रंथाचे एकच पान उघडे राहते आणि ते सहसा चित्राचेच असते! सूचीतही हागादाची नोंद प्रथम विधिग्रंथ म्हणून होते. भाषांतराची भाषा हा नोंदीतील एक तपशील ठरतो.

वस्तुतः प्रश्न त्या भाषेचाच आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, जॉन विल्सनने मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ चे, तर बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. म्हणजे १८४६ चे भाषांतर मराठी गद्य घडत असतानाचे आहे. तरीही धार्मिक अनुवाद म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासांनी ते बाजूस ठेवले. मिशनऱ्यांच्या अनुवादांना मात्र त्याच इतिहासांत स्थान मिळाले, हे विसंगत आहे.

येथे एकच शब्द पाहावा. बेने इस्राएल या सणाला पूर्वी ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. भाषांतरकारापुढे हे घरगुती नाव, मिशनऱ्यांच्या मराठीतील ‘वल्हांडण’ आणि मूळ हिब्रू ‘पेसाह’ असे तीन पर्याय असू शकत होते. त्याची निवड ही केवळ शब्दाची निवड नव्हे. कोकणातील घराची बोली, मिशनची मराठी आणि नव्याने परिचित होत असलेली हिब्रू यांपैकी प्रार्थनेची भाषा कोणती, याचा तो निर्णय होय. १८४६ व १८७४ च्या प्रती शेजारी ठेवून, चित्रे तूर्त झाकून, मजकूर ओळीगणिक ताडून पाहिल्यासच तो निर्णय अठ्ठावीस वर्षांत कोठे बदलला ते दिसू शकेल.