स्लो कुकरमधली कणसं

आयोवात जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट सरेपर्यंत रस्त्याच्या कडेला पिकअप उभ्या करून ताजी कणसं डझनावारी विकतात. आपल्या लोकांच्या सहली, पॉटलक आणि श्रावणातल्या पूजाही त्याच दिवसांत. कणसांचं खातं माझ्याकडे असतं. त्यातून कळलेल्या चार गोष्टी सांगते. मोजल्या तर सहा भरतील.

१. चार माणसांसाठी स्लो कुकर काढू नका. सकाळी तोडलेलं कणीस उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत होतं. त्याला दोन तास कोंडण्यात काय हशील? अर्व्हिंग नॅक्सननं हे यंत्र काढलं ते कडधान्यं शिजवायला, नावच 'बीनरी'. १९७१ मध्ये ते 'क्रॉकपॉट' म्हणून बाजारात आलं. मक्याला एवढ्या तपश्चर्येची गरज नाही. गरज असते ती यजमानीणबाईंना. आपल्याकडे बाराचं आमंत्रण म्हणजे पहिला पाहुणा साडेबाराला आणि शेवटचा अडीचला. शेगडी पुऱ्यांसाठी मोकळी राहते आणि उशिरा येणाऱ्यालाही कणीस गरम मिळतं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

२. घेताना पानं सोलून बघू नका. विकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात आणि सोललेलं कणीस सुकतं ते वेगळंच. वरूनच टोकाशी अंगठ्यानं दाबा. दाणे भरलेले लागले की झालं. बाहेरचे केस तपकिरी आणि जरा चिकट असावेत. तोडल्या क्षणापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, तापलेल्या गाडीत तर भराभर. कार्यक्रम उद्या असेल तर पानांसकट फ्रीजमध्ये टाका. 'सुपरस्वीट' जातींचा गोडवा जास्त दिवस टिकतो, तेव्हा गर्दीसाठी मी त्याच घेते.

३. कणसात जितके दाणे, जवळजवळ तितके केस. प्रत्येक दाण्याचा स्वतंत्र. ओलसर फडक्यानं टोकाकडून देठाकडे पुसत आणलं की निघतात. हे काम मुलांना द्या, आणि अंगणात द्या.

४. कणसं मोडून दोन तुकडे करा आणि उभी लावा. आडवी रचली तर निम्मीही मावत नाहीत. तळाला अर्धी वाटी पाणी पुरे, कारण वाफ झाकणाला लागून परत खालीच येते. 'हाय'वर दोन ते अडीच तास, 'लो'वर साधारण दुप्पट. 'झालं का बघू' म्हणत झाकण उचलणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना भांड्यापासून लांब बसवा, कारण एकदा झाकण उघडलं की वीसेक मिनिटं वाढली. शिजल्यावर 'वॉर्म'वर आणा. कच्ची कणसं मात्र 'वॉर्म'वर शिजत ठेवू नयेत. शिजलेल्यांचेही तासा-दोन तासांनी दाणे सुरकुतायला लागतात, तोवर पंगत उरकलेली बरी.

५. सिंहगडावरच्या भुट्ट्याची आठवण काढून नाक मुरडू नका. तो देशी मका पिठाळ, म्हणून निखाऱ्यावर शोभतो. इथला स्वीट कॉर्न पाणीदार आणि लुसलुशीत. वाफवून त्याला जळका वास येणार कुठून? (हायवेच्या दोन्ही बाजूंना दिसतो तो मका बहुतेक गुरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जातो. नवीन आलेली मंडळी त्याकडे आशेनं बघतात.) मीठ, तिखट आणि लिंबाच्या फोडी मात्र टेबलावर हव्यातच. मीठ-तिखटात बुडवलेली फोड कणसावरून कशी फिरवायची, हे शेजाऱ्यांना एकदा दाखवलं की लोण्याची वाटी तशीच राहते.

६. उरलेल्या कणसांचे दाणे सुरीनं उतरवून मिक्सरमधून भरड काढा आणि दुसऱ्या दिवशी इंदुरी कीस करा. दूध नेहमीच्या निम्मं, साखर अजिबात नको. हिरवी मिरची मात्र हात सैल सोडून.