ऐरणीवरची खडूची रेघ

माझ्या पडवीत दोन ऐरणी आहेत. एकीचं शिंग मोडलंय. दुसरीच्या माथ्यावर खडूची आडवी रेघ आहे. ती पुसली गेली की मी पुन्हा मारतो. पहिलीच्या वेळी मला एकाने फसवलं, दुसरीची वाट मी स्वतः लावली. पैसे पहिलीत जास्त गेले, पण वाईट दुसरीचंच वाटतं.

खोपोलीच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं फिटर होतो. लोखंड आपल्याला कळतं, असा माज त्यामुळे अंगात होता. निवृत्तीनंतर कर्जतजवळ घर बांधलं आणि विळे, खुरपी, कोयते घडवायची हौस लागली. भट्टी घरीच केली. हातोडे, सांडशा जमल्या. राहिली ऐरण. नवी मिळत होती, पण मला जुनी, साहेबाच्या काळातली हवी होती.

अशा ऐरणी आमच्या बाजूला निघतात, हे खरं आहे. खोपोलीपर्यंत रेल्वे आली १८५६ मध्ये. त्याच वर्षी बोरघाटातल्या मार्गाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. त्या कामात पंचवीस बोगदे कातळातून काढावे लागले. काळ्या कातळात सुरुंगाचं भोक पाडताना पहारीचं टोक बघता बघता बोथट होतं. ते शेवटायला लोहार हाताशी लागतोच. पुढे १९०७ मध्ये नेरळ-माथेरानची छोटी गाडी आली, १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. अशा प्रत्येक कामावर लोहारशाळा असायची. कामं संपली, माणसं गेली. जड सामान ज्याला उचलवलं नाही त्याच्याकडे राहिलं.

हा इतिहास मला पाठ होता आणि त्यानेच घात केला. हायवेच्या कडेला एका भंगारवाल्याकडे काळीकुळकुळीत रंगवलेली ऐरण दिसली. पोटावर उठावाचे आकडे : १८५७. "घाटाच्या कामावरची आहे, काका. मुंबईचे फार्महाऊसवाले बागेत ठेवायला मागतायत," तो म्हणाला. मी अठरा हजार मोजले. हातोडीने एकदा वाजवूनही पाहिली नाही. आठवडाभरात पहारीचा तुकडा वळवताना शिंगाचं टोक तुटून नडगीवर आलं. तुटलेली जागा पाहिली : करडी, दाणेदार. संपूर्ण बीड. बिडाचा तवा चांगला होतो, ऐरण होत नाही. घण बसला की त्याचा टवका उडतो.

तेव्हापासून नवख्याला मी पहिली गोष्ट सांगतो : खिशात बेअरिंगचा एक छर्रा ठेवा. साधारण बोराएवढा चालतो. माथ्यापासून दहा इंचांवर धरून नुसता सोडा. सात-आठ इंच वर उसळला तर माथा पोलादी आणि कडक आहे. पाचाच्या खाली आला तर शंका घ्या. दोन-तीन इंचांवर मेला तर बीड असेल, नाहीतर आगीत सापडून पाणी उतरलेलं पोलाद. दोन्ही सोडून द्या. छर्रा एकाच जागी टाकून उठू नका. सबंध माथ्यावर थोड्या थोड्या अंतराने टाकत जा. मध्येच एखाद्या जागी तो अचानक बसला तर तिथे माथ्याची पट्टी अंगापासून सुटलेली असू शकते.

पट्टी कसली, ते सांगतो. चांगल्या जुन्या विलायती ऐरणीचं अंग घडीव लोखंडाचं, म्हणजे मऊ आणि चिवट असतं. त्यावर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादाची पट्टी भट्टीत लाल-पांढरी करून घणाने सांधलेली असते. ऐरणीची किंमत त्या अर्ध्या इंचात असते. खालचं सगळं ओझं फक्त मार झेलायला.

दुसरी परीक्षा आवाजाची. घडीव ऐरण हातोडीने हलकेच टोकली की घंटेसारखी वाजते. बीड ठप्प बोलतं. पण कानावर एकट्यावर विसंबू नका. बिडाच्या अंगावर पोलादी माथा बसवलेल्या चांगल्या ऐरणीही होत्या. त्या वाजत नाहीत, छर्रा मात्र झकास उडवतात. आवाज आणि छर्रा यांचं जमलं नाही तर छर्र्याचं ऐका.

तिसरी, अंगावरच्या खुणा. शिंगाखाली, शेपटाखाली किंवा बुडात छोटी चौकोनी भोकं दिसली तर आनंद माना. घडवताना ऐरण उचलून फिरवायला दांडा घालायची ती जागा. नाव ठोकून खोल उमटवलेलं असेल तर बरं. शेफील्डची माऊसहोल, डडलीची पीटर राइट ही त्यातली मोठी नावं. उठावाची अक्षरं म्हणजे ओतकाम. तरीही निकाल अक्षरांवर लावू नका, कारण स्वीडनच्या ओतीव पोलादाच्या ऐरणी उत्तम असतात. आणि ताजा जाड रंग दिसला की आधी खरवडून बघू द्या म्हणा. रंगाखाली पेंटरची लांबी भरून बुजवलेली चीर निघते. खरवडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

पोटावर सुटे तीन आकडे असतील तर ते साल नाही, वजन आहे. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा २८ पौंडांच्या पावांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, जवळजवळ ८१ किलो. मधला आकडा तीनच्या वर आणि शेवटचा सत्तावीसच्या वर जाऊ शकत नाही. गेला तर हिशेब वेगळा आहे किंवा गोष्ट बनावट आहे. काट्यावर चढवून ताळा करून घ्या.

माझी दुसरी ऐरण नेमकी १-२-१० ची. चौक गावाच्या बाजूला एका बंद पडलेल्या गाडीअड्ड्यात मिळाली. छर्रा जिथे टाकला तिथे आठ इंच उसळला. मालकाने वजनाचा भाव लावला आणि दोघांनी बांबूला बांधून टेम्पोत चढवली. एवढी शहाणी खरेदी करून मी घरी आलो आणि लगेच गाढवपणा केला.

माथ्याला मध्ये थोडा खोलगटपणा होता, कडा गोल झाल्या होत्या. फिटरच्या डोळ्याला ते सहन होईना. सपाट म्हणजे सपाट! ओळखीच्या मशीनशॉपमध्ये नेली आणि माथा कातून घेतला. आरशासारखा झाला. घरी आणून कौतुकाने छर्रा टाकला. शिंगाकडे सात इंच. शेपटाकडे तीन.

कारण साधं होतं. घणाने घडवलेल्या वस्तूचं बूड आणि माथा समांतर असतीलच असं नाही. मशीनवर ऐरण बुडावर बसली आणि कातणी एका बाजूला जास्त खोल गेली. शेपटाकडची पोलादी पट्टी भुशात निघून गेली आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडलं.

कशेळ्याच्या वाटेवर एक म्हातारे लोहारकाका आहेत. भातकापणीच्या आधी विळ्यांना दाते पाडायला आणि ठाकर-कातकऱ्यांच्या कोयत्यांना पाणी द्यायला त्यांच्याकडे गर्दी असते. त्यांची ऐरण म्हणजे जमिनीत पुरलेल्या ओंडक्यात ठोकलेला एक चौकोनी ठोकळा; ना शिंग, ना भोक. आजवर मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. माझी कहाणी ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या ऐरणीच्या माथ्यावरून फिरवला. मध्ये बशीसारखा खळगा.

"भाऊ, वाकडी पट्टी सरळ करायची तर थोडी पलीकडे दाबावी लागते. सपाटीवर दाबणार कुठं? हा खळगा माझ्या बापाने पाडला, मी वापरतो."

कडांचंही तेच. धारदार कडेवर तापलं लोखंड वाकवलं तर आतल्या कोपऱ्यात चीर पडते. गोल कड ते वाचवते. मी ज्याला झीज समजत होतो, ती पिढ्यांची कमाई होती.

म्हणून डागडुजीचं माझं सूत्र आता एवढंच : गंज काढा, बाकी हात आवरा. तारेचा ब्रश, रॉकेल आणि जाडं कापड पुरतं. ॲसिड नको, ते माथ्याला खड्डे पाडतं. ग्राइंडर माथ्याला लावू नका. जिथे पोलाद निळं पडलं तिथलं पाणी उतरलं. फार तर कडेचा धोकादायक टवका कानशीने गोल करा. ऐरण भट्टीत घालून "लाल करून साफ" करायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घालवा. मोठा तुकडा उडाला असेल आणि वेल्डिंग करायचंच असेल, तर गार ऐरणीवर कधीही नको. आधी सगळी ऐरण दोनशे अंशांच्या आसपास तापवावी लागते, योग्य रॉड लागतो आणि नंतर राखेत हळूहळू निववावी लागते. नाहीतर टाक्याशेजारीच पोलाद तडकतं. हे जमणारा माणूस नसेल तर टवक्यासह वापरा. शेजारची जागा चांगली असते.

आमच्याकडे पावसाचे चार महिने लोखंडाचा अंत पाहतात. अंगाला अळशीच्या तेलाचा पातळ हात, माथ्याला काम संपल्यावर मशीन ऑइल. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, वाळत घाला. अळशीच्या तेलाचा बोळा आपोआप पेटतो.

ऐरण बसवायला वखारीतून वाळलेला ओंडका आणा, त्याच्या रेषा उभ्या राहतील असा. उभं राहून काम करणार असाल तर हात सोडल्यावर मिटलेली मूठ माथ्याला टेकावी, एवढी उंची. पायथ्याला साखळी करकचून आवळली की शेजाऱ्यांच्या कानाला आराम. आणि घण कधीही कोऱ्या माथ्यावर आपटू नका. पोलादावर पोलाद आदळलं की टवका गोळीसारखा सुटतो, चष्मा लावाच.

खरेदीच्या दोन गोष्टी राहिल्या. स्वस्त म्हणून रुळाचा तुकडा घ्यायचा मोह होतो. रूळ ऐरणीसारखा चालतो : मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाचा फूटभर तुकडा सुमारे अठरा किलोचा. तो आडवा न ठेवता उभा गाडला की घणाखाली जास्त वजन येतं आणि काम चांगलं होतं. पण कर्जत-पळसदरीच्या पट्ट्यात कोणी अंधारात तुकडा आणून दिला तर हात जोडा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. तो चोरणाऱ्यालाच नव्हे, ठेवणाऱ्यालाही लागू होतो. रीतसर लिलावाचा माल असेल तर पावती असते.

दुसरी गोष्ट. चालत्या लोहाराची ऐरण मागू नका. मी लोहारकाकांना एकदा विचारलं होतं, तेव्हा ते फक्त हसले. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मुद्दाम बोलावलं. ऐरण धुतलेली, हळदकुंकू लावलेली, खळग्यात झेंडूचं फूल. विकत का देत नाहीत, ते मला न सांगता कळलं.

माझ्या कातलेल्या ऐरणीचा उपाय त्यांनीच सुचवला. पडवीत येऊन छर्रा टाकत टाकत पोलाद कुठे संपतं ते शोधलं आणि तिथे खडूने रेघ ओढली. "अलीकडे घडव. पलीकडे छिन्नीने तोड. मऊ जागी छिन्नीची धार जात नाही." आता तोडणीचं काम मी त्या पलीकडच्या बाजूलाच करतो आणि ते खरंच चांगलं होतं.

अधूनमधून कोणीतरी जुनी ऐरण घेऊन येतं, नव्यासारखी करून द्या म्हणतं. मी छर्रा त्यांच्या हातात देतो आणि आधी माझ्या ऐरणीवर टाकायला सांगतो, एकदा रेघेच्या अलीकडे, एकदा पलीकडे.