फोटो छापायला देण्याआधी

यंदा मासिकाच्या संपादक मंडळात फोटोंचे काम माझ्याकडे आहे. मोबाईलवर छान दिसणारा फोटो कागदावर धूसर का होतो, ते या कामात मला समजले.

डिजिटल फोटो म्हणजे पिक्सेल नावाच्या बारीक रंगीत चौकोनांची जाळी. चांगल्या छपाईला एका इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. बॅचचा फोटो ७ इंच रुंद छापायचा, तर ७ × ३०० = २१०० पिक्सेल रुंदी हवी. मूळ फोटो ४००० पिक्सेलचा असेल तर काळजी नाही. पण व्हॉट्सअॅपवरून येताना तो १६०० पिक्सेलचाच उरला, तर? एका रांगेत २० कॅडेट असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० पिक्सेल येतात. त्यातला चेहऱ्याचा वाटा जेमतेम एक तृतीयांश! बारावीची बॅच शाळा सोडून गेल्यावर तो फोटो पुन्हा काढता येत नाही.

संगणकावर फोटो मोठा करता येतो, पण तेव्हा नवे पिक्सेल अंदाजाने भरले जातात. हरवलेले नाक-डोळे परत येत नाहीत. जेपीईजी फाईल पुन्हा पुन्हा बदलून सेव्ह केली, तरीही दर्जा घसरतो. म्हणून मूळ फाईल तशीच ठेवून कॉपीवर काम करावे.

पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे असतात, तर छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई वापरतात. त्यामुळे भडक रंग कागदावर थोडे फिके येतात. फोटो पानाच्या कडेपर्यंत हवा असेल, तर कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिमी जास्त ठेवतात. म्हणजे २१० × २९७ मिमीच्या ए-फोर पानासाठी २१६ × ३०३ मिमी.

आपल्या मराठी पानाला आणखी एक धोका आहे. छापखान्याच्या संगणकात आपला फॉन्ट नसला, तर जोडाक्षरे तुटतात, आणि तिथे मराठी वाचणारा कोणी नसेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पान फॉन्टसकट पीडीएफ करून द्यावे आणि छापण्याआधी प्रूफ स्वतः वाचावे.

कॅडेट मित्रांना आणि पालकांना एकच विनंती : फोटो पेनड्राइव्हवर द्या, किंवा व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाईल हाती आली, की पुढचे काम आमचे.