छायाचित्राची साक्ष : सिंह, तरस आणि भक्ष्य

इतिहासाचा अभ्यासक नाणे, शिलालेख किंवा ताम्रपट हाती घेतो, तेव्हा तो प्रथम काही साधे प्रश्न विचारतो. हा पुरावा कोणी तयार केला? केव्हा, कोठे आणि कोणासाठी? त्यात काय सांगितले आहे आणि काय सांगायचे राहून गेले आहे? छायाचित्र समोर आले की मात्र हीच चिकित्सक बुद्धी स्वस्थ बसते. डोळ्यांना दिसले ते खरे, असे आपण मानून चालतो. सिंहाने झेब्र्याची मान धरल्याचे दृश्य आज लहान मुलाच्याही हातातील मोबाइलवर दिसते. त्यावरून जंगल म्हणजे काय, थोर कोण आणि हलका कोण, याविषयी त्याचे मत बनते. अरण्यातील भक्षक आणि भक्ष्य यांच्या छायाचित्रांकडे पुरावा म्हणून कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : प्रसंग घडला की घडवला?

वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाच्या आरंभकाळी कॅमेरे अवजड होते, काचा मंद होत्या आणि रात्रीच्या प्रकाशासाठी मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास (तिसरे) यांनी मिशिगनमधील सरोवरावर होडीतून फिरून रात्रीच्या हरणांची छायाचित्रे घेतली. १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जर्मन प्रवासी कार्ल गेओर्ग शिलिंग्स यांनी पूर्व आफ्रिकेत सिंहांची रात्रीची छायाचित्रे मिळवली. १९०५ साली ती ग्रंथरूपाने लोकांसमोर आली, तेव्हा युरोपातील वाचक थक्क झाले. परंतु सिंह यावा म्हणून तेथे गाढव किंवा बैल आमिष म्हणून बांधून ठेवलेला असे. चित्रातील सिंह खरा आणि गाढवही खरे. मात्र पळून जाण्याची जी संधी अरण्यात प्रत्येक भक्ष्याला असते, ती दोराने हिरावून घेतली होती. दोर विसरून ते चित्र पाहणाऱ्याला भक्ष्य दुबळेच वाटणार.

आपल्या देशात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलातील वाटेवर तार ताणून ठेवण्याची पद्धत वापरली. तारेला प्राण्याचा पाय लागला की प्रकाश होई आणि प्राणी स्वतःच आपले छायाचित्र घेई. त्यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. मारलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या साहेबांची आणि संस्थानिकांची छायाचित्रे सर्वत्र मिरवली जात होती, त्या काळात जिवंत वाघ वाटेने चालताना दाखवणे ही मोठीच गोष्ट होती.

हा पहिला प्रश्न आजही जुना झालेला नाही. २००९ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत कुंपणाच्या फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असा निष्कर्ष परीक्षकांनी पुढे काढला आणि २०१० च्या जानेवारीत ते पारितोषिक रद्द केले. छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला होता.

दुसरा प्रश्न : चित्र कोणत्या वेळचे?

टांझानियातील न्गोरोंगोरो हे एका विझलेल्या ज्वालामुखीचे विशाल विवर आहे. त्याच्या सुमारे २६० चौरस किलोमीटर तळावर गवताळ कुरण असून तेथे विल्डबीस्ट, झेब्रे, सिंह आणि ठिपकेदार तरसे नांदतात. सकाळी तेथे पोहोचणाऱ्या प्रवाशाला नेहमीचे दृश्य दिसे. विल्डबीस्ट किंवा झेब्रा मरून पडलेला आहे, सिंह निवांत खात आहेत आणि काही अंतरावर तरसे ताटकळत उभी आहेत. याची छायाचित्रे निघाली आणि त्यांचा अर्थही ठरून गेला. सिंह पराक्रमी, त्याने शिकार केली. तरस आळशी व हीन, ते उष्ट्यावर जगते.

१९६४ पासून डच प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी तेथे अभ्यास सुरू केला. त्यांनी एकच साधी गोष्ट वेगळी केली. सकाळची वाट न पाहता ते चांदण्या रात्री तरसांच्या मागोमाग मोटारीतून फिरले. तेव्हा दिसले ते असे : तरसांच्या टोळ्या रात्री स्वतः शिकार करतात. मोठ्या विल्डबीस्टचा पाठलाग करून त्याला पाडतात. त्यांच्या आरडाओरड्याने सिंह तेथे येतात, त्यांना हुसकावून लावतात आणि भक्ष्याचा ताबा घेतात. उजाडते तेव्हा ज्यांच्या श्रमाने शिकार झाली, तीच तरसे बाजूला उभी असतात आणि ज्याने ती हिसकावली, तो मालक म्हणून बसलेला असतो. न्गोरोंगोरोतील तरसे आपले बहुतेक अन्न स्वतःच मारून मिळवतात, हे क्रूक यांच्या १९७२ सालच्या ग्रंथाने सप्रमाण मांडले.

सकाळचे छायाचित्र खोटे नव्हते. त्यातील एकही प्राणी जागचा हलवलेला नव्हता. ते केवळ उशिरा घेतलेले होते. रात्र त्याच्या चौकटीबाहेर राहिली आणि त्या एका उणिवेवर एका प्राण्याची बदनामी उभी राहिली. समाजाच्या इतिहासातही ताब्यात कोण आहे एवढेच पाहून कर्ता कोण हे ठरवले जाते आणि श्रम करणाऱ्याच्या कपाळी हीनत्वाचा शिक्का बसतो. हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. जवळच्याच सेरेंगेटीच्या मैदानात तरसे मेलेल्या जनावरांवर अधिक प्रमाणात अवलंबून असतात, हेही क्रूक यांनीच नोंदवले. सिंहही सर्वत्र हिसकावूनच खातो असे नाही. एक खोटा शिक्का पुसताना दुसऱ्यावर तसाच शिक्का मारणे हा अभ्यास नव्हे.

तिसरा प्रश्न : पाहणाऱ्यामुळे काय बदलले?

केनियातील मसाई मारा येथे चित्ते दिवसा शिकार करतात, म्हणून ते छायाचित्रकारांचे आवडते ठरले आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचलेली पिल्ले सरासरी ०.२ होती, गर्दी कमी असलेल्या भागात हीच सरासरी २.३ होती. वाहनांच्या गराड्यामुळे शिकार हुकणे किंवा मिळालेले भक्ष्य टाकून निघून जावे लागणे, अशी संभाव्य कारणे संशोधकांनी दिली आहेत. चौकटीत आई आणि पिल्ले सुंदर दिसतात. भोवतीची वाहने मात्र चौकटीत येत नाहीत. म्हणून वाहन रस्त्यावरून खाली न उतरवणे, प्राण्याची वाट न अडवणे, आवाज काढून त्याचे लक्ष न वेधणे आणि आमिष न ठेवणे हे केवळ उद्यानाचे नियम नव्हेत. ती पाहणाऱ्याची किमान नीतिमत्ता आहे.

चौथा प्रश्न : कोणाचे चित्र छापलेच गेले नाही?

चॅम्पियन यांच्या तारेचे आजचे रूप म्हणजे ‘कॅमेरा ट्रॅप’. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. या आधारावर शास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने वाघांच्या संख्येचा शास्त्रशुद्ध अंदाज बांधण्याची पद्धत विकसित केली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले. आपल्या ताडोबा आणि मेळघाटसारख्या व्याघ्रप्रकल्पांचाही त्या गणनेत समावेश होता. एकूण ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. म्हणजे दर हजार छायाचित्रांत वाघाची साधारण दोन!

वर्तमानपत्रात छापली जातात ती याच दोहोंपैकी. परंतु एका वाघाला वर्षभरात सुमारे पन्नास मोठी जनावरे लागतात. चितळ, सांबर, रानडुक्कर यांचे कळप टिकले तरच वाघ टिकतो. जंगल भक्षकाच्या बळावर उभे नसून भक्ष्याच्या विपुलतेवर उभे आहे. त्याचप्रमाणे हजारो कॅमेरे झाडांना बांधणारे, उन्हातान्हात पायी फिरून त्यांची देखभाल करणारे वनरक्षक आणि गावोगावचे वनमजूरही त्या चित्रांत सहसा दिसत नाहीत.

जंगलात बलवानाचेच राज्य असते, मग समाजात का नसावे, असा युक्तिवाद अशा चित्रांच्या आधारे अनेकदा ऐकू येतो. पहिली गोष्ट, जंगलाचे हे चित्र अपुरे आहे. शिकारी प्राण्यांचे बहुतेक प्रयत्न फसतात. फसलेल्या पाठलागाचे छायाचित्र मात्र क्वचितच छापले जाते. दुसरी गोष्ट, मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे अशा स्थितीला आपल्या प्राचीन परंपरेने ‘मात्स्यन्याय’ म्हटले आहे आणि ती संपवणे हे राज्यसंस्थेचे प्रयोजन मानले आहे. पाल घराण्याच्या गोपाल राजाची निवड मात्स्यन्याय दूर करण्यासाठी झाली, असे खालिमपूरचा ताम्रपट सांगतो. निसर्गातील भूक हा माणसाच्या अन्यायाचा दाखला होऊ शकत नाही. सिंहाला दुसरा पर्याय नाही, माणसाला आहे.

अभ्यासासाठी :

१. वर्तमानपत्रातील वन्यप्राण्याचे एक छायाचित्र निवडा. ते कोणी, केव्हा व कोठून घेतले, हे त्याखालच्या मजकुरावरून समजते का?

२. त्या छायाचित्राच्या एक तास आधी काय घडले असावे, याच्या दोन वेगवेगळ्या शक्यता लिहा. कोणती खरी हे ठरवण्यासाठी आणखी कोणता पुरावा लागेल?

३. आपल्या गावातील किंवा शाळेतील एखादे जुने समूहछायाचित्र घरातील वडीलधाऱ्यांना दाखवा. त्या दिवशी तेथे असूनही चित्रात कोण नाही, हे त्यांना विचारून नोंदवा.