नवउद्योगाची उभारणी आणि उद्योजकाचे सामाजिक जाळे

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला दृढ व विरळ संबंधांतील फरक सांगता येईल. तसेच नव्या उद्योगात प्रत्येकाचे कार्य कोणते, हे उदाहरणासह स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, उद्योग म्हटला की भांडवल, कच्चा माल आणि यंत्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्याच्यापाशी तारण नाही आणि ज्याचे बाजारात नाव नाही, त्याने ही साधने मिळवावीत कशी? त्याच्यापाशी ओळखी असतात. ओळखींच्या या गुंफणीस सामाजिक जाळे म्हणतात. मोबाईलवरील समूह हे त्याचे नवे माध्यम होय. जाळे मात्र माणसांचेच असते.

दृढ आणि विरळ संबंध

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली विरळ संबंधांच्या सामर्थ्याचा सिद्धान्त मांडला. कुटुंबीय, जिवलग मित्र व निकटचे शेजारी यांच्याशी आपले संबंध दृढ असतात. ही माणसे विश्वासाने श्रम व वेळ देतात; परंतु ती आपल्याच वर्तुळात वावरत असल्यामुळे त्यांना ठाऊक असलेले बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. क्वचित भेटणारा परिचित निराळ्या वर्तुळातला असतो. म्हणून नवी माहिती व नवी संधी त्याच्याकडून येण्याचा संभव अधिक असतो.

उदाहरण : लिज्जत पापड

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात गुजराती गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. श्रम उभे राहिले ते शेजारधर्मातून. मात्र ८० रुपयांचे भांडवल छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांनी उसने दिले आणि माल भुलेश्वरच्या व्यापाऱ्याने घेतला. आरंभी या स्त्रिया दोन प्रतींचे पापड करीत. एकच उत्तम प्रत ठेवावी व हिशेब चोख असावा, हा सल्लाही पारेख यांचाच. म्हणजे श्रम आतून आले. पैसा, बाजार आणि शहाणपण बाहेरून. पुढे एकीने दुसरीला आणले आणि तीन महिन्यांत सुमारे २५ स्त्रिया काम करू लागल्या. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली.

मर्यादा

आप्तांनी भिडेखातर केलेली खरेदी ही मागणीची कसोटी नव्हे. आपला माल महाग आहे की बेचव, हे परका ग्राहक पुन्हा न येऊन सांगतो. शिवाय आप्तांचे पैसे बुडाले तर उद्योगाबरोबर नातेही दुखावते. नुकसान झाले तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, हा लिज्जतच्या संस्थापिकांचा निर्णय या दृष्टीने लक्षणीय आहे.

सारांश

दृढ संबंध उद्योगास जन्म देतात, विरळ संबंध त्यास बाजारात नेतात. कोणाकडे काय मागावे, याचा विवेक म्हणजेच उद्योजकता.

स्वयं-अध्ययन

१. दृढ व विरळ संबंधांतील फरक स्पष्ट करा.

२. आपल्या परिचयातील दहा व्यक्तींची यादी करा. प्रत्येकीकडून श्रम, भांडवल, माहिती किंवा ग्राहक यांपैकी काय मिळू शकेल, ते लिहा. कोणता रकाना रिकामा राहिला? उद्योगाची पूर्वतयारी तेथूनच सुरू करावी लागेल.