‘लॅम्ब्डा_मेथड’पाशी अडलेला प्रोग्राम

प्रश्न : लांज्यातल्या काजू व्यापाऱ्यांसाठी मी सी-शार्पमध्ये बिलांचा प्रोग्राम केलाय. निवडलेल्या अटींवरून एक्स्प्रेशन ट्री तयार होते. डेटाबेसवर ती नीट चालते. पण कंपाइल करून मेमरीतल्या यादीवर लावली की ‘नल रेफरन्स’ची एरर येते. कंपाइल होताना काही बिघडतं का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : बिघडत काही नाही, निर्धास्त राहा. डेटाबेसवर तुमच्या ट्रीचं एसक्यूएल होतं. तिथे नलशी तुलना झाली की ती नोंद निमूट गळते. कंपाइल केल्यावर मात्र सरळ कोडच चालतो. बिलाला पत्ताच जोडलेला नसेल, तर ‘बिल.पत्ता.तालुका’ वाचताना तो आपटणारच.

एररमध्ये नुसतं ‘लॅम्ब्डा_मेथड’ दिसतं, ओळ क्रमांक नाही. म्हणून कंपाइलच्या आधी ब्रेकपॉइंट लावा आणि ट्रीचा ‘डीबगव्ह्यू’ उघडा. अख्खी साखळी तिथे वाचता येते.

लॅम्ब्डात ‘?.’ लिहून सुटका नाही. एक्स्प्रेशन ट्रीमध्ये सी-शार्प ते स्वीकारत नाही. ‘एक्स्प्रेशन.कंडिशन’ने प्रत्येक टप्प्यावर नल तपासा. दोन्ही फांद्यांचा टाइप एकच हवा, नाहीतर नवी एरर. रक्कम असेल तर आधी नलेबल करून घ्या. सगळं ट्राय-कॅचमध्ये गुंडाळायचा मोह होईल, पण त्यात खऱ्या चुकाही झाकल्या जातात. आणि ही तपासणी यादीपुरतीच ठेवा, डेटाबेसच्या ट्रीला हात लावू नका.